कॉमर्स नाही, एमबीए नाही: मेक्सिको सिटीतली ती मुलगी कर्ज-जोखमीच्या कामात कशी आली

प्रश्न असा आहे: "मी बार्शीची, वय २४, समाजशास्त्रात बीए. दोन वर्षं एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. मला फायनान्समध्ये जायचंय, पण जो तो म्हणतो, कॉमर्स नाही, एमबीए नाही, तर नाद सोड. ताई, तुम्ही मेक्सिकोत कर्ज-जोखमीच्या कामात होतात. बाजारातून तुमच्या विभागात आलेल्या एका मुलीबद्दल तुम्ही ओझरतं बोलला होतात. ती नेमकी कशी आली?"

तिला विचारूनच लिहिते आहे, नाव तेवढं नको म्हणाली. मी स्वतः पुण्यात सीए झाले आणि २०१३ ते २०२१ मेक्सिको सिटीत, छोटी कर्जं देणाऱ्या एका संस्थेच्या जोखीम विभागात होते. कुणाला किती द्यायचं, त्यातलं किती बुडेल, त्यासाठी आधीच किती तरतूद बाजूला काढायची, हे आमचं काम. माझी वाट सरळ होती, तिची नव्हती. आणि माझ्या टेबलावर मला जे दिसत नव्हतं ते तिला दिसायचं, ते तिच्या वाटेमुळेच. म्हणून जरा लांबण लावून सांगते.

ती इस्तापालापाची. शहराच्या पूर्वेचा, दाट वस्तीचा, पाण्याची कायम ओढाताण असलेला हा भाग. घाऊक बाजार, सेंत्राल दे आबास्तो, इथेच आहे. १९८२ साली सुरू झालेला, तीनशेहून अधिक हेक्टरांवर पसरलेला. तिची आई पहाटे तिथून टोमॅटो, कांदा, मिरच्या उचलायची आणि तिआंगिसमध्ये विकायची. तिआंगिस म्हणजे आपला आठवडी बाजार. आज या गल्लीत ताडपत्र्या बांधायच्या, उद्या त्या. हा शब्द स्पॅनिश नाही, स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनच्या नाहुआत्ल भाषेतला आहे, आणि बाजारही तितकाच जुना.

ही आई तांदा चालवायची. तांदा म्हणजे भिशी. खरंच, वेगळं काही नाही. बारा बायका, दर आठवड्याला प्रत्येकी ५०० पेसो, जमा ६,०००, आणि दर आठवड्याला एकीने ते उचलायचे. आपल्याकडे चिठ्ठ्या टाकतात, कुठे लिलाव करतात. या आईच्या तांद्यात चिठ्ठी नव्हती. कोणाला कितवा नंबर, हे ती स्वतः ठरवायची आणि पहिला नंबर तिचा. चालवणाऱ्या बाईने पहिला नंबर घ्यायचा ही तिकडची सर्रास रीत आहे. मला आधी तो स्वार्थ वाटला होता. मुलीने समजावलं: मध्येच कुणी पैसे उचलून गायब झाली, तर तिचे हप्ते आईला भरावे लागतात, पहिला नंबर हा त्या धोक्याचा मोबदला.

इथे थोडं थांब, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पहिल्या नंबराची बाई पहिल्याच आठवड्यात ५०० भरून ६,००० घेते. म्हणजे तिने ५,५०० चं कर्ज घेतलं आणि ते अकरा हप्त्यांत, बिनव्याजी, फेडायचं आहे. बाराव्या नंबराची बाई अकरा आठवडे ५०० भरत राहते आणि शेवटी उचलते. तिने फक्त बचत केली. मधल्या सगळ्या थोड्या बचतदार, थोड्या कर्जदार. एकाच वहीत, एकाच रकमेत, बारा वेगवेगळे आर्थिक व्यवहार असतात. बुडण्याची भीती फक्त आधी उचलणारीकडून. म्हणून नवीन बाईला आई कधीच पहिले नंबर द्यायची नाही. तिला दहावा, अकरावा, बारावा. दोन तांदे नीट भरले की तिसऱ्यात ती पाचव्यावर यायची. ही पत ठरवण्याची पद्धत आहे, आणि अतिशय चांगली आहे.

मुलगी बारा वर्षांची असल्यापासून ही वही लिहायची. खेळणी विकणाऱ्या बाईला शेवटचा नंबर हवा असायचा, कारण तिकडे मुलांना खेळणी मिळतात ती ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आणि माल भरायचा डिसेंबरात. गणवेश विकणारीला शाळा उघडण्याआधी, उन्हाळ्यात. जिच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस जवळ आला, तिला त्याच्या दोन आठवडे आधी, कारण तिकडे तो लग्नासारखा करतात. जानेवारीत नवा तांदा कधीच सुरू करायचा नाही. त्या महिन्याला तिकडे 'कुएस्ता दे एनेरो' म्हणतात, जानेवारीचा चढ. सणात खिसा रिकामा झालेला असतो आणि विक्री बसलेली असते. सप्टेंबरच्या शेवटी सुरू केलेला बारा आठवड्यांचा तांदा डिसेंबरच्या मध्यावर संपतो. तेव्हा नोकरदारांच्या हातात आगिनाल्दो येतो, म्हणजे किमान पंधरा दिवसांचा वार्षिक बोनस, जो कायद्याने २० डिसेंबरच्या आत द्यावाच लागतो. बाजारातल्या बायकांना तो मिळत नाही, पण त्यांच्या गिऱ्हाइकांना मिळतो. हे सगळं त्या मुलीला पाठ होतं. याला फायनान्स म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही तसं वाटत नव्हतं.

उलट त्या घरात बँक हा शब्द वाईट होता. वडिलांनी १९९४ मध्ये कर्ज काढून मालवाहू गाडी घेतली. त्याच डिसेंबरात पेसो कोसळला. डॉलरला साधारण साडेतीन पेसो होते, मार्च १९९५ मध्ये सातच्या पुढे गेले. सरकारच्या स्वतःच्या २८ दिवसांच्या रोख्यांवरचं व्याजच सत्तर टक्क्यांच्या वर गेलं, मग बदलत्या दराचं कर्ज घेतलेल्या माणसाचं काय झालं असेल ते तूच समज. गाडी गेली. बँकांना सरकारने वाचवलं, त्याचा बोजा पुढे कित्येक वर्षं तिजोरीवर राहिला. ही मुलगी त्याच वर्षी जन्मली. तिच्या आईने त्यानंतर कित्येक वर्षं बँकेत पाऊल ठेवलं नाही.

शिक्षणाचं थोडक्यात: उनाम या सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास, समाजकार्याचा अभ्यासक्रम. तिथे फी नाममात्र असते, म्हणूनच चुरस भयंकर असते. शिकत असतानाच घराजवळ नोकरी हवी म्हणून आमच्या संस्थेत गटकर्जाची फिल्डवरची कर्मचारी झाली. गटकर्ज म्हणजे दहा-बारा बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि दर आठवड्याला बैठकीत हप्ता भरायचा. तुला बचत गटांमुळे हे नवं नाही.

माझ्या नजरेत ती आली ती तक्रारीमुळे. तिचा वरिष्ठ म्हणाला, ही मुलगी गट नाकारते. इतर जण महिन्याला जितके गट उभे करतात, त्याच्या निम्मेही हिचे नाहीत. मी आकडे काढले. तक्रार खरी होती. पण तिने उभ्या केलेल्या गटांची थकबाकी जवळपास नव्हतीच. मला वाटलं, सावध आहे, एवढंच. तरी एक दिवस तिच्याबरोबर बाजारात गेले. त्या दिवसासाठी मी आजही देवाचे आभार मानते.

ती मिरच्यांच्या गाड्यावरच्या एका बाईशी बोलत होती. आमच्या फॉर्मवर उत्पन्न, घरभाडं, मुलं, आधीची कर्जं असे प्रश्न होते. ते तिने पटापट भरले आणि मग सहज विचारलं, "तांद्यात कितवा नंबर आहे, दोन्या?" दोन्या म्हणजे आपण मावशी म्हणतो तसं. बाई म्हणाली, दुसरा, झाला घेऊन. दर आठवड्याला हजार, अजून दहा आठवडे. मुलीने वही मिटली, बाईची आणखी विचारपूस केली, कोथिंबीर विकत घेतली. वाटेत मला म्हणाली, हिला आत्ता देता येणार नाही, दहा आठवड्यांनी यायला सांगितलंय.

मी ऑफिसात येऊन त्या बाईचा बुरो दे क्रेदितोचा अहवाल काढला. बुरो दे क्रेदितो म्हणजे आपल्याकडे सिबिल आहे ना, तसं. अहवाल स्वच्छ होता. कर्ज शून्य. आमच्या गणिती मॉडेलने तिला हिरवा कंदील दाखवला असता. प्रत्यक्षात तिच्या डोक्यावर आठवड्याला हजार पेसोंचा हप्ता होता आणि तो ती आमच्या हप्त्याच्या आधी भरणार होती, कारण तांदा बुडवला तर बाजारात उभं राहता येत नाही. आमचं कर्ज बुडवलं तर फक्त आमचा फोन येतो. तांद्यात नंबर घेऊन झालेली बाई कर्जदार असते, नंबर यायचा असलेली बाई ठेवीदार असते, आणि आम्ही दोघींना एकाच रकान्यात बसवत होतो. मी इतकी वर्षं जोखीम मोजत होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मी तेव्हा लगेच काही केलं नाही. एक टिपण लिहिलं, ते कुठल्यातरी बैठकीच्या कागदांत राहिलं. ही चूक माझी.

मग १९ सप्टेंबर २०१७. १९८५ च्या भूकंपाची आठवण म्हणून या तारखेला सगळं शहर सराव करतं, त्या वर्षी तो सकाळी अकराला होता. तो करून लोक कामाला लागले आणि दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी खरा भूकंप झाला, ७.१ तीव्रतेचा. इस्तापालापात जमिनीला भेगा पडल्या, शेजारच्या त्लाहुआक आणि सोचिमिल्कोत घरं पडली. पुढच्या आठवड्यात आमच्यासमोर प्रश्न आला: कोणाचे हप्ते थांबवायचे, किती महिने? नियामकाने सवलतीला मुभा दिली होती, पण सरसकट सगळ्यांचे थांबवले तर संस्थेकडे रोख उरली नसती, आणि कोणाचेच थांबवले नाहीत तर ते माणुसकीला धरून नव्हतं. आमच्या नकाशावर अख्खा पूर्व भाग लाल रंगवला होता. त्यापलीकडे आम्हाला काही दिसत नव्हतं.

मी तिला बोलावलं. ती आली ती बाजारांची यादी हाताने लिहून घेऊन. तिने सांगितलं ते असं: घराला तडा गेलाय पण गाडा शाबूत आहे, तिला एक महिना पुरेल. गाड्याचा माल गेलाय, तिला तीन लागतील. घर आणि गाडा दोन्ही आहे, पण गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या कार्यालयाची माणसं होती आणि ते कार्यालय बंद झालंय, तिच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, आणि तीच बुडेल. आणि सगळ्यांत आधी बघायचं ते हे की तिथला तांदा चालू आहे का. तांदा चालू असेल तर त्या गल्लीत पैसा फिरतोय. तांदा थांबला असेल तर हप्ता मागायला जाऊच नका, किराणा घेऊन जा.

आम्ही तिच्या यादीप्रमाणे गेलो. सगळं बरोबर ठरलं असं म्हणणार नाही, काही बायकांच्या बाबतीत आमचा अंदाज चुकला. पण लाल नकाशापेक्षा ती यादी कितीतरी सरस होती, हे सहा महिन्यांनी आकड्यांतच दिसलं. मग मी तिला जोखीम विभागात मागून घेतलं.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते, कारण इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे आणि इथून पुढची कष्टाची आहे.

पहिला अडथळा पदवीचा. ती 'पासांते' होती, म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण, पण प्रबंध आणि पदवीचं काम बाकी. मेक्सिकोत पदवी आणि त्यावर सरकारी परवाना क्रमांक, सेदुला, हातात नसेल तर मनुष्यबळ विभाग तुम्हाला वरच्या श्रेणीत घेत नाही. ऑफिसात सगळे एकमेकांना शिक्षणावरून हाक मारतात, लिसेन्सियादा (पदवीधर), इंखेनिएरो (इंजिनिअर), कोंतादोर (हिशेबनीस). तिच्या ईमेलखाली नुसतं नाव असायचं. महागड्या खासगी विद्यापीठांतून आलेली मुलं तिला राहते कुठे विचारायची आणि उत्तर ऐकून गप्प व्हायची. ती मेट्रोच्या आठ नंबर लाइनने, बायकांसाठी राखीव डब्यातून, साल्तो देल आग्वा स्टेशनवर गाडी बदलून रिफॉर्मा रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसात यायची. रात्री प्रबंध लिहायची. वर्षभराने पदवी हातात आली. ते वर्ष तिने कसं काढलं ते मी पाहिलंय, म्हणून तुला सांगते, कागदाला कमी लेखू नकोस. ज्ञान बाजारातलं होतं, पण दार कागदाने उघडलं.

दुसरा अडथळा भाषेचा. स्पॅनिश तिची होतीच, आकड्यांची भाषा म्हणते मी. एक्सेल महिन्याभरात आलं. ताळेबंद तिला चटकन कळला, वहीमुळे. येणं-देणं, कोणाचं कोणाकडे, हे तिच्या हाडात होतं. थकबाकी बघण्याची आमची एक पद्धत आहे: ज्या महिन्यात कर्जं दिली त्या महिन्याचा एक गट धरायचा आणि तो पुढे महिन्यागणिक कसा वागतो ते पाहायचं. मेक्सिकोत तिला 'कोसेचा' म्हणतात, म्हणजे सुगी. जानेवारीची सुगी, फेब्रुवारीची सुगी. तिने पहिला तक्ता पाहिला आणि म्हणाली, "जानेवारीचं पीक वाईट असणारच, तेव्हा कर्ज मागायला येते ती चढावर दमलेली असते." मी तिला काही शिकवायची गरज उरली नव्हती. अडली ती संख्याशास्त्रात. चार महिने. रोज संध्याकाळी तासभर बसायचो. कंटाळून दोनदा म्हणाली की मी फिल्डवर परत जाते. मी म्हटलं, जा, पण मग तुझा प्रश्न फॉर्मवर कोण आणणार? ती राहिली.

आणि तो प्रश्न फॉर्मवर आला तेव्हा फसला. 'तांद्यात कितवा नंबर?' असा रकाना टाकला, आणि दोन महिन्यांत सगळ्या बायका शेवटच्या नंबरावर गेल्या. फिल्डवरची माणसंच त्यांना पढवत होती. तिने हे आधीच बजावलं होतं: छापून विचारलं की खोटं येणार, गप्पांत विचारलं की खरं येतं. मग तिने रकाना काढून टाकला आणि त्याऐवजी फिल्डवरच्या लोकांना विचारायला काय शिकवायचं ते शिकवलं: पुढची मोठी खरेदी कधी, माल भरायला पैसे कुठून येतील, गटातल्या शेजारणीला हिच्याबद्दल काय वाटतं. तिचं प्रशिक्षण, माझ्या मते, आमच्या मॉडेलपेक्षा मोठं काम होतं.

तिच्या घरी मात्र हे सोपं गेलं नाही. आई म्हणाली, आम्ही एकमेकींना फुकट देतो त्यावर तुम्ही व्याज घेता. तिचं बोलणं खोटं नव्हतं. मेक्सिकोत सूक्ष्मकर्ज महाग आहे. अशा कर्जाच्या व्याजावर १६ टक्के मूल्यवर्धित करही लागतो. १९९० मध्ये स्वयंसेवी संस्था म्हणून सुरू झालेली कोम्पार्तामोस ही सूक्ष्मकर्ज देणारी संस्था एप्रिल २००७ मध्ये शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिचे दर करासह वर्षाला शंभर टक्क्यांच्या आसपास होते आणि गरिबांच्या कर्जातून इतका नफा घ्यावा का, यावर जगभर वाद झाला. बांगलादेशात ग्रामीण बँक उभी करणाऱ्या मोहम्मद युनूस यांनी उघड टीका केली होती. माझं मत असं की दर आठवड्याला माणूस पाठवून छोटं कर्ज वसूल करायला खर्च येतो हे खरं, पण त्या खर्चाच्या आड बरंच काही लपवलं जातं. मुलीने आईशी वाद घातला नाही. तिने आमच्याकडे भांडण केलं: जिने तांद्याचा नंबर आधीच उचललाय तिला कर्ज देऊन अडकवायचं नाही, हा नियम लेखी हवा. झाला.

आणि एक गोष्ट. मेक्सिकोचं सरकार २०१० पासून आपले अल्पमुदतीचे रोखे, सेतेस, सामान्य माणसाला थेट ऑनलाइन विकतं. १०० पेसोंपासून घेता येतात, दलाल लागत नाही. त्यासाठी स्वतःच्या नावाचं बँक खातं मात्र लागतं. आईच्या तांद्यातला बारावा नंबर कोणी घेईना तेव्हा एका वर्षी तो तिने स्वतः घेतला, आणि आलेल्या पैशांतून २८ दिवसांचे सेतेस घ्यायचे ठरवले. त्यासाठी १९९५ नंतर पहिल्यांदा ती बाई बँकेत गेली. मुलगी सोबत होती. तिने मला फोटो पाठवला: आई खुर्चीत ताठ बसलेली, हातात अठरा आकडी खाते क्रमांकाचा कागद.

आज ती मुलगी दुसऱ्या एका वित्तसंस्थेत जोखीम सांभाळते, हाताखाली माणसं आहेत. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेवर १ जानेवारी २०२२ ला पहिल्यांदा एक स्त्री, व्हिक्टोरिया रोद्रिगेस सेखा, गव्हर्नर झाली, त्या दिवशी मी हिला आनंदाने कळवलं. तिने लिहिलं की आनंद आहेच, पण त्या अर्थशास्त्र शिकून, सरकारच्या अर्थखात्यातून गेल्या, तो रस्ता माझ्या गल्लीतून जात नाही, माझ्या गल्लीतल्या मुलींना मला वेगळं सांगावं लागेल.

आता तू. तुझ्या आणि तिच्या गोष्टीत एक फरक आहे तो लपवत नाही: तिला कुणीतरी बाजारात बघायला गेलं. तो योगायोग होता. तुला तुझं काम स्वतःच कागदावर दाखवावं लागेल. म्युच्युअल फंड किंवा दलालीच्या परीक्षा लगेच देऊ नकोस, तो वेगळा रस्ता आहे. तुझी जागा कर्ज-जोखीम, वसुलीचं नियोजन, सूक्ष्मकर्ज यांत आहे. पिग्मीसाठी तू रोज दारोदार जातेस. कोणता दुकानदार सोमवारी देत नाही आणि का, कोणाची रक्कम पावसाळ्यात निम्मी होते, कोण गुळाच्या हंगामात दुप्पट भरतो, कोण देणं थांबवण्याच्या तीन आठवडे आधीपासून "उद्या या" म्हणायला लागतो, हे तुला माहीत आहे. कुठल्याही एमबीएला माहीत नाही.

संस्थेची माहिती बाहेर नेऊ नकोस, नावं आणि खाते क्रमांक कधीच नकोत. पण तुझी स्वतःची निरीक्षणं तुझी आहेत. एक्सेलमध्ये शंभर ओळी कर, प्रत्येक ओळ एक ठेवीदार, फक्त क्रमांकाने. धंद्याचा प्रकार, बाजाराचा वार, सहा महिन्यांत किती दिवस चुकले, कोणत्या महिन्यात, आणि त्या वेळी तुला काय कारण वाटलं ते एका वाक्यात. कारणाचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, तोच आळस करून रिकामा ठेवावासा वाटेल. शंभर झाल्या की कळव. पुढे कोणते रकाने जोडायचे आणि त्यातून पहिली सुगी कशी काढायची, ते आपण बसून बघू.